प्रक्षेपक, अवकाश

प्रक्षेपक, अवकाश : कृत्रिम उपग्रह, अवकाशयान किंवा अंतराळवीर यांना भूपृष्ठावरून उचलून पूर्वनियोजित कक्षेत, पूर्वनियोजित वेगाने व दिशेने सोडून देणाऱ्या बहुटप्पी अग्निबाणास अवकाश प्रक्षेपक म्हणतात. युद्धातील क्षेपणास्त्र व प्रक्षेपक यांची यंत्रणा मूलतः एकच असली, तरी क्षेपणास्त्राचा भार पुन्हा जमिनीवर येतो, तर प्रक्षेपकाचा भार खाली न येण्याइतका वेग घेऊन निघतो, हा दोहोंतील मुख्य भेद होय. प्रस्तुत नोंदीत मोठ्या प्रक्षेपकांची रचना, त्यांचे उड्डाण व त्यांनी वाहून न्यावयाचा भार यांचे विवेचन केले असून, उदाहरणादाखल एलव्हीएम-३ या भारतीय प्रक्षेपकाचा विशेष विचार केला आहे. अग्निबाणाचे सामान्य तत्त्व व त्याचे अन्य उपयोग यांची माहिती स्वतंत्र नोंदीत दिली आहे [⟶ अग्निबाण].

वेगाची आवश्यकता : उपग्रह सोडणे म्हणजे एखादी वस्तू फार उंच नेणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. पृथ्वीपासून ३०० किमी. उंचीवर नेलेली वस्तू तेथे नुसती सोडून दिली, तर ती दगडाप्रमाणे खाली येईल. ती तेथे टिकून राहावयाची, तर तिला क्षितिजसमांतर दिशेने दर सेकंदास सुमारे ७.८ किमी. वेग मिळाला पाहिजे. मग ती पृथ्वीकडे सतत पडत असूनही पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीला कधी टेकत नाही. एक किग्रॅ. वस्तुमान ३०० किमी. उंच नेण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दहापट ऊर्जा त्याला हा वेग देण्यासाठी लागते. त्यामुळे प्रक्षेपकाचे खरे काम उंची गाठण्याचे नसून वेग देण्याचे आहे. सरळ वर जाणारा प्रक्षेपक थोड्याच वेळात समुद्राकडे कललेला दिसतो, त्याचे कारण हेच.

वातावरणाचा विरोध व गुरुत्वाकर्षणामुळे होणारी वेगाची हानी जमेस धरता, कमी उंचीच्या कक्षेसाठी प्रक्षेपकाला प्रत्यक्षात दर सेकंदास सुमारे ९.४ किमी. वेगवाढीची तरतूद करावी लागते. ही तरतूद किती महाग पडते, हे रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटीन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणावरून कळते. बाहेर टाकलेल्या वायूंचा वेग आणि अग्निबाणाचे प्रारंभीचे व अखेरचे वस्तुमान यांचे गुणोत्तर या दोहोंवरच अग्निबाणाचा अंतिम वेग अवलंबून असतो. केरोसीन व द्रव ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंचा वेग निर्वातात दर सेकंदास सुमारे ३.३ किमी. असतो. तो धरून हिशेब केला, तर उड्डाणसमयीचे वस्तुमान अखेरच्या वस्तुमानाच्या सुमारे सतरापट असावे लागते. म्हणजे एकूण वजनाचे ९४ टक्के इंधन व ऑक्सिडीकारक आणि उरलेल्या सहा टक्क्यांत टाक्या, पंप, एंजिने, संगणक, सांगाडा व उपग्रह हे सर्व बसवावयाचे! कोंबडीच्या अंड्यातही कवचाचे वजन याहून अधिक प्रमाणात असते. प्रक्षेपक इतके नाजूक का असतात आणि त्यांत क्षुल्लक वाटणारा दोषही घातक का ठरतो, याचे मूळ या सहा टक्क्यांत आहे.

टप्पे : वरील अडचणीवर योजलेला उपाय म्हणजे रिकामा झालेला भाग वाटेत टाकून देणे. प्रक्षेपक दोन, तीन किंवा चार टप्प्यांचा बनवितात. एका टप्प्यातील प्रचालक (इंधन व ऑक्सिडीकारक यांना मिळून ही संज्ञा आहे) संपला की तो टप्पा सुटून पडतो आणि पुढील टप्प्याचे एंजिन फक्त उरलेले वजन पुढे ढकलते. काही प्रक्षेपकांत पहिल्या टप्प्याच्या दोन्ही अंगांना जोड-अग्निबाण बांधलेले असतात.

एलव्हीएम-३ प्रक्षेपकाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याची उंची ४३.५ मी. असून उड्डाणसमयीचे वजन सुमारे ६४० टन असते. मध्यभागी ४ मी. व्यासाचा द्रव टप्पा, त्याच्या दोन्ही कडांना ३.२ मी. व्यासाचे दोन घन अग्निबाण आणि माथ्यावर नीचतापीय टप्पा अशी त्याची मांडणी असते. प्रत्येक घन अग्निबाणात सुमारे २०५ टन प्रचालक भरलेला असतो. म्हणजे संपूर्ण प्रक्षेपकाच्या वजनापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वजन या दोन अग्निबाणांतील प्रचालकाचेच असते आणि ते सारे सव्वादोन मिनिटांच्या आत जळून जाते. मागे उरलेली दोन रिकामी कवचे मिळून सुमारे ६० टन भरतात. ही कवचे बंगालच्या उपसागरात टाकून दिली नाहीत, तर वरच्या टप्प्यांची सारी शक्ती पोलादाचे ओझे वाहण्यातच खर्ची पडेल. एवढे सर्व करूनही भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या संक्रमण कक्षेत हा प्रक्षेपक सुमारे ४ टनच भार सोडू शकतो. उड्डाणसमयीच्या वजनाशी याचे प्रमाण दीडशेत एक एवढेही पडत नाही.

प्रचालके : घन प्रचालकात इंधन व ऑक्सिडीकारक आधीच एकत्र मिसळलेले असतात. रबरासारख्या बहुवारिकात अमोनियम परक्लोरेटाचे स्फटिक व ॲल्युमिनियमाची भुकटी मळून तो लगदा कवचात ओततात व तेथेच तो घट्ट होऊ देतात. यात पंप नाहीत, झडपा नाहीत, त्यामुळे रचना सोपी व रेटा प्रचंड. पण एकदा पेटलेला घन अग्निबाण विझविता येत नाही, हा त्याचा मोठा दोष होय.

द्रव प्रचालकांचे दोन वर्ग पडतात. नायट्रोजन टेट्रॉक्साइड व हायड्राझिनाची संयुगे साध्या तापमानास साठविता येतात व परस्परांना स्पर्श होताच पेट घेतात. मात्र ती अत्यंत विषारी आहेत. भारतीय प्रक्षेपकांतील ‘विकास’ एंजिन या वर्गातील प्रचालकांवर चालते. फ्रान्सशी १९७४ मध्ये झालेल्या करारानुसार तेथील ‘व्हायकिंग’ एंजिनाच्या विकसनात भारतीय अभियंत्यांनी भाग घेतला व त्या अनुभवातून हे एंजिन सिद्ध झाले. मुंबईतील विक्रोळीच्या कारखान्यात या एंजिनांची निर्मिती झाली आहे, तर घन अग्निबाणांच्या पोलादी कवचांच्या निर्मितीत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा वाटा आहे.

दुसरा वर्ग नीचतापीय प्रचालकांचा. द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूंचा वेग दर सेकंदास सुमारे ४.४ किमी. इतका असतो, रासायनिक अग्निबाणांत प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रचालकांपैकी ही जोडी सर्वांत कार्यक्षम होय. परंतु ऑक्सिजन −१८३° से. आणि हायड्रोजन −२५३° से. तापमानास द्रवरूप ठेवावा लागतो. या तापमानास साध्या धातू ठिसूळ होतात, वंगण गोठते, हवेतील बाष्पच काय पण हवाही नळ्यांवर गोठून बसते. द्रव हायड्रोजन इतका हलका असतो, की त्याची घनता पाण्याच्या सुमारे एक-चौदांशच भरते. त्यामुळे टप्प्यातील ऑक्सिजनाचे वजन हायड्रोजनाच्या पाचपट असूनही हायड्रोजनाची टाकीच मोठी करावी लागते. एका बाजूस हे थंड द्रव व काही सेंमी. अंतरावर तीन हजार अंशांच्या आसपासच्या तापमानाची ज्वाला, आणि मध्ये दर मिनिटास हजारो फेरे करणारे पंप, असे हे यंत्र आहे.

हे तंत्र हस्तगत करण्यासाठी भारताला जवळजवळ दोन दशके झगडावे लागले. १९९१ मध्ये ‘ग्लाव्हकॉसमॉस’ या सोव्हिएट संस्थेशी एंजिने व त्यांचे तंत्रज्ञान मिळविण्याचा करार झाला होता. क्षेपणास्त्र-तंत्रज्ञानाच्या प्रसारास प्रतिबंध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा भंग होतो, या कारणावरून अमेरिकेने १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले आणि १९९३ मध्ये रशियाने केवळ तयार टप्पे देण्याचे मान्य करून तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. वस्तुतः नीचतापीय टप्पा भरण्यास कित्येक तास लागतात व भरलेला टप्पा फार काळ सज्ज ठेवता येत नाही. तो क्षेपणास्त्रासाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. हे पाहता या आक्षेपामागे तांत्रिक कारणापेक्षा व्यापारी व राजकीय कारणे अधिक असावीत, असे म्हणण्यास जागा आहे. १५ एप्रिल २०१० रोजी भारतीय बनावटीच्या नीचतापीय टप्प्याचे पहिले उड्डाण झाले, तेव्हा हायड्रोजनाचा पूरक पंप सुरू होताच थांबला व प्रक्षेपक समुद्रात पडला. ५ जानेवारी २०१४ च्या उड्डाणात मात्र हा टप्पा यशस्वी ठरला. एलव्हीएम-३ मधील याहून मोठे एंजिन नव्याने आखलेले असून ते टप्प्यातील सुमारे २८ टन प्रचालक दहा मिनिटांहून अधिक काळ जाळते.

उड्डाणतळ : उड्डाणतळ शक्यतो विषुववृत्ताजवळ व पूर्वेस समुद्र असलेल्या किनाऱ्यावर निवडतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे विषुववृत्तावरील प्रत्येक वस्तूला दर सेकंदास सुमारे ४६५ मी. वेग आयताच मिळालेला असतो. फ्रेंच गियानातील कूरू (५.२° उ. अक्षांश) येथे याचा लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो. आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा हे बेट १३.७° उ. अक्षांशावर असल्याने तेथे तो दर सेकंदास सुमारे ४५० मी. मिळतो. कझाकस्तानातील बैकानूर हा जगातील पहिला उड्डाणतळ मात्र बराच उत्तरेस व जमिनीने वेढलेला असून तेथून सुटणाऱ्या प्रक्षेपकांचे रिकामे टप्पे निर्जन गवताळ प्रदेशात पडतात.

श्रीहरिकोट्याची एक अडचण नकाशा पाहिल्यास ध्यानात येते. ध्रुवीय कक्षेसाठी प्रक्षेपक थेट दक्षिणेस सोडावयाचा, तर वाटेत श्रीलंका येते. त्यामुळे पीएसएलव्ही हा प्रक्षेपक आधी आग्नेयेकडे जातो व श्रीलंकेला वळसा पडल्यावर दक्षिणेकडे वळतो. या वळणात खर्च होणारी शक्ती मोठ्या प्रक्षेपकास सोसते, लहानास सोसत नाही. म्हणून तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर कुलशेखरपट्टिणम् येथे लहान प्रक्षेपकांसाठी दुसरा तळ उभारण्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रारंभ झाला.

उड्डाणपूर्व तयारी : मोठ्या प्रक्षेपकाची जुळणी उभ्या अवस्थेत करण्याची किंवा आडवी जुळणी करून मग तो उभा करण्याची, अशा दोन पद्धती आहेत. पहिली अमेरिकेने ‘सॅटर्न-५’ साठी व दुसरी रशियाने रूढ केली. एलव्हीएम-३ ची जुळणी उंच इमारतीत एका चलमंचावर होते व तो मंच रुळांवरून संथ गतीने उड्डाणस्थानी नेला जातो. उपग्रह निर्धूळ खोलीत इंधन भरून, कवचात बंद करून अगदी शेवटी माथ्यावर चढवितात.

उड्डाणाच्या सुमारे एक दिवस आधी उलट गणती सुरू होते. ही केवळ घड्याळाची औपचारिकता नव्हे. प्रत्येक क्षणास करावयाच्या कृतींची ती काटेकोर यादी असते. द्रव टप्प्याच्या टाक्या भरणे, नीचतापीय नळ्या हळूहळू थंड करणे, टाक्यांतील दाब वाढविणे, घूर्णींचे संरेखन तपासणे, वरच्या हवेतील वाऱ्यांचे मापन करणे ही कामे क्रमाने होतात. अखेरच्या काही मिनिटांत सर्व सूत्रे संगणकाकडे जातात व एखादे माप जरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तरी तो गणती आपोआप थांबवितो.

गणती थांबविण्याचा निर्णय किती मोलाचा असतो, हे चांद्रयान-२ च्या वेळी दिसले. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे उड्डाणास ५६ मिनिटे व २४ सेकंद उरले असताना, नीचतापीय टप्पा पूर्ण भरलेला असताना, तांत्रिक दोष आढळल्याने उड्डाण रद्द करण्यात आले. देशभर लोक दूरचित्रवाणीसमोर जागत होते आणि निराशाही मोठी झाली. टाक्या रिकाम्या करून, दोष दूर करून २२ जुलै रोजी तोच प्रक्षेपक निर्विघ्नपणे सुटला. त्याआधी १९ ऑगस्ट २०१३ रोजीही जीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागल्याने सुमारे सव्वा तास आधी गणती थांबवावी लागली होती. तो टप्पाच बदलून प्रक्षेपकाचे उड्डाण पुढील जानेवारीत झाले. वर उल्लेखिलेले नीचतापीय टप्प्याचे पहिले यश ते हेच. उड्डाण न करण्यातील यश वृत्तपत्रांत अपयश म्हणून नोंदले जाते, हे या क्षेत्राचे दुर्दैव म्हटले पाहिजे.

उड्डाण : प्रज्वलनाच्या क्षणी द्रव व घन टप्प्यांतील फरक स्पष्ट होतो. ‘सॅटर्न-५’ च्या पहिल्या टप्प्यातील पाच एंजिने उड्डाणाच्या सुमारे नऊ सेकंद आधी पेटविण्यास प्रारंभ होई. ती पूर्ण रेट्यास पोहोचून सर्व ठीक असल्याची खात्री होईपर्यंत २,९०० टनांहून अधिक वजनाचा तो मनोरा पोलादी पकडींनी जखडून ठेवलेला असे. एखादे एंजिन बिघडल्यास सर्व एंजिने बंद करता येत. पकडी सुटल्यावरही रेटा वजनाहून थोडाच अधिक असल्याने, दर सेकंदास सुमारे १३ टन प्रचालक जाळीत असूनही, शेजारच्या मनोऱ्याची उंची ओलांडण्यास त्याला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागे. एलव्हीएम-३ मध्ये असे थांबणे नाही. शून्य क्षणी दोन्ही घन अग्निबाण पेटतात व वजनाच्या जवळजवळ दीडपट रेट्याने प्रक्षेपक तत्काळ उसळी घेतो. मधल्या टप्प्यातील दोन ‘विकास’ एंजिने त्या वेळी बंदच असतात. ती आकाशात पेटतात. अशा रीतीने ती जमिनीवर तपासून पाहण्याची संधी सोडून देऊन अभियंत्यांनी रेट्याची काटकसर साधली आहे.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन सुटलेल्या प्रक्षेपकाचा क्रम पुढीलप्रमाणे होता. पहिल्या मिनिटात वेग वाढत असतो व हवा अजून दाट असते, त्यामुळे प्रक्षेपकावरील हवेचा दाब या काळात कमाल होतो. त्यानंतर उंचीबरोबर हवा विरळ होत जाऊन हा ताण ओसरतो. सुमारे १०८ व्या सेकंदास मधला द्रव टप्पा पेटला. १२७ व्या सेकंदास, सुमारे ६२ किमी. उंचीवर, घन अग्निबाण सुटले. सव्वातीन मिनिटांच्या सुमारास ११५ किमी. उंचीवर यानाभोवतीचे कवच दुभंगून पडले. तेथे हवा जवळजवळ नसल्याने त्याची गरज उरलेली नव्हती आणि प्रत्येक किग्रॅ. ओझे टाकून देणे इष्ट होते. पाच मिनिटे पूर्ण झाल्यावर द्रव टप्पा वेगळा झाला, दोन सेकंदांत नीचतापीय एंजिन पेटले व ते दहा मिनिटांहून अधिक काळ चालले. सुमारे सोळा मिनिटांनी यान वेगळे झाले, तेव्हा त्याचा वेग दर सेकंदास १० किमी. पेक्षा जास्त होता व त्याची कक्षा उपभूस्थानी सुमारे १७० किमी. आणि अपभूस्थानी सुमारे ३६,५०० किमी. अशी लंबवर्तुळाकार होती. चंद्रापर्यंतचा उरलेला प्रवास यानाने स्वतःच्या एंजिनाने केला व २३ ऑगस्ट रोजी अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला.

या सर्व काळात प्रक्षेपकाला जमिनीवरून कोणी ‘चालवीत’ नसते. घूर्णी व प्रवेगमापक यांच्या साहाय्याने त्यातील संगणक स्वतःचे स्थान व वेग काढतो आणि प्रोथ (वायू बाहेर टाकणारे तोंड) किंचित वळवून दिशा सुधारतो. जमिनीवरील अधिकाऱ्याच्या हाती एकच आज्ञा असते. प्रक्षेपक मार्ग सोडून वस्तीकडे वळण्याचा धोका दिसल्यास तो हवेतच नष्ट करणे, ही ती आज्ञा होय. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्हीचे नियंत्रण सुटल्यावर ती द्यावी लागली.

वाहून न्यावयाचा भार : प्रक्षेपकाच्या क्षमतेचा एकच आकडा सांगणे फसवे असते; भार कोठे न्यावयाचा यावर तो अवलंबून आहे. एलव्हीएम-३ भूस्थिर संक्रमण कक्षेत सुमारे ४ टन, तर कमी उंचीच्या कक्षेत सुमारे ८ टन नेऊ शकतो. ‘सॅटर्न-५’ ने चंद्राकडे ४५ टनांहून अधिक भार नेला. १४ मे १९७३ रोजी ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सोडणे हे त्याचे अखेरचे काम ठरले.

संदेशवहनाचे बहुतेक मोठे उपग्रह ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर कक्षेत असतात. प्रक्षेपक त्यांना लंबवर्तुळाकार संक्रमण कक्षेतच सोडतो व पुढील वर्तुळाकार कक्षा त्यांनी स्वतःच्या एंजिनाने गाठावयाची असते. यामुळे रासायनिक एंजिन असलेल्या अशा उपग्रहाच्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास वजन इंधनाचेच असते. प्रक्षेपकाने कक्षा जितकी अचूक दिली, तितके हे इंधन वाचते आणि तितके उपग्रहाचे आयुष्य वाढते. २५ डिसेंबर २०२१ रोजी ‘एरियान-५’ ने जेम्स वेब दूरदर्शक इतक्या अचूकपणे सोडला, की त्याचे अपेक्षित कार्यकाल बरेच वाढले. याच दूरदर्शकावरून आणखी एक मर्यादा कळते. त्याचा आरसा ६.५ मी. व्यासाचा, तर कवचाचा बाहेरील व्यास ५.४ मी. म्हणून आरसा अठरा षट्कोनी तुकड्यांचा करून त्याची घडी घालावी लागली. भार केवळ वजनात नव्हे, आकारातही मावावा लागतो.

स्वतःच्या प्रक्षेपकाची क्षमता अपुरी पडली की देशाला दुसऱ्याकडे जावे लागते. ५,८५४ किग्रॅ. वजनाचा जीसॅट-११ हा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये कूरूहून ‘एरियान-५’ ने, तर सुमारे ४,७०० किग्रॅ. वजनाचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून ‘फाल्कन-९’ ने सोडण्यात आला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी एलव्हीएम-३ ने ४,४१० किग्रॅ. वजनाचा सीएमएस-०३ सोडून ही मर्यादा काहीशी पुढे ढकलली. याच प्रक्षेपकाने ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये ‘वनवेब’ कंपनीचे प्रत्येकी ३६ उपग्रह कमी उंचीच्या कक्षेत सोडले. इतके उपग्रह एकाच वेळी सोडताना ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून थोड्या थोड्या संख्येने व टप्प्याची दिशा बदलत सोडावे लागतात. पीएसएलव्हीने १५ फेब्रुवारी २०१७ रोजी एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले होते. त्यांतील बहुतेक आकाराने फारच लहान होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

माणूस हा सर्वांत नाजूक भार. त्याच्यासाठी प्रक्षेपकाच्या माथ्यावर सुटकेचा लहान पण जोरदार अग्निबाण बसवितात. तो संकटकाळी प्रवासी कोठी खेचून दूर नेतो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी बैकानूर येथे ‘सोयूझ’ प्रक्षेपकास उड्डाणस्थानीच आग लागली, तेव्हा या व्यवस्थेने दोघा अंतराळवीरांचे प्राण वाचविले. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी उड्डाण चालू असताना एक जोड-अग्निबाण नीट न सुटल्याने मधल्या भागावर आदळला, तरी त्या यानातील दोघेही सुखरूप परतले. भारताच्या गगनयान योजनेसाठी अशा सुटका-व्यवस्थेची चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे घेण्यात आली.

अपघात : २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट होऊन सात जण मृत्युमुखी पडले. त्याचे घन अग्निबाण वेगवेगळे खंड जोडून केलेले होते. त्या रात्रीच्या असाधारण थंडीने सांध्यातील रबरी कडी ताठरली व तप्त वायू फटीतून बाहेर पडले. या सांध्यांविषयी अभियंत्यांनी आदल्या रात्रीच धोक्याची सूचना दिली होती, ती मानली गेली नाही. ४ जून १९९६ रोजी ‘एरियान-५’ चे पहिले उड्डाण ४० सेकंदांच्या आतच संपले, ते कोणत्याही धातूच्या दोषाने नव्हे. मार्गदर्शक संगणकातील आज्ञावली ‘एरियान-४’ वरून जशीच्या तशी घेतली होती. नव्या प्रक्षेपकाचा क्षितिजसमांतर वेग अधिक असल्याने त्यातून निघालेली एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना; मुख्य व राखीव असे दोन्ही संगणक एकच आज्ञावली वापरीत असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. चार शास्त्रीय उपग्रह त्यात नष्ट झाले. जुन्या यंत्रात निर्दोष ठरलेला भाग नव्या यंत्रात निर्दोषच राहील असे नाही, हे या प्रसंगानंतर प्रक्षेपकांच्या तपासणीत गृहीत धरले जाऊ लागले.

विकास : अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी पहिला द्रव-प्रचालक अग्निबाण उडविला. जर्मनीचे ‘व्ही-२’ हे युद्धास्त्र (१९४२) मोठ्या अग्निबाणांचे पूर्वज होय. सर्ग्येई कोरोल्योव्ह यांनी क्षेपणास्त्र म्हणून आखलेल्या ‘आर-७’ ने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक-१’ कक्षेत सोडला व प्रक्षेपकांचे युग सुरू झाले. ‘सोयूझ’ हे त्याच घराण्यातील होय. व्हेर्नर फोन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेल्या ‘सॅटर्न-५’ ची १९६७ ते १९७३ या काळात तेरा उड्डाणे झाली. भारतात १० ऑगस्ट १९७९ रोजी अयशस्वी ठरलेल्या एसएलव्ही-३ ने १८ जुलै १९८० रोजी ३५ किग्रॅ. वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या प्रक्षेपकाचे सारे वजन १७ टन होते. एलव्हीएम-३ चा एकटा नीचतापीय टप्पाच त्याहून जड आहे.

वापरलेला प्रक्षेपक दर वेळी समुद्रात बुडविणे हा उघड अपव्यय आहे. अमेरिकेच्या अवकाश विमानाची (१९८१–२०११) १३५ उड्डाणे झाली, पण प्रत्येक उड्डाणानंतरची दुरुस्ती इतकी खर्चाची ठरली की अपेक्षित बचत झाली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ‘फाल्कन-९’ चा पहिला टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर स्वतःच्या एंजिनावर उभा खाली उतरविण्यात आला व पुढे तेच टप्पे पुनःपुन्हा वापरले जाऊ लागले. यासाठी काही प्रचालक परतीकरिता राखून ठेवावा लागतो व तेवढा भार कमी न्यावा लागतो. त्याच संस्थेच्या ‘स्टारशिप’ या ३३ एंजिनांच्या, सुमारे १२० मी. उंचीच्या प्रक्षेपकाची चाचणी-उड्डाणे एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी परत आलेला त्याचा खालचा टप्पा उड्डाणस्थानच्या मनोऱ्याने दोन यांत्रिक बाहूंत हवेतच झेलला. अशा प्रक्षेपकात वरचा टप्पाही परत आणावयाचा असल्याने त्याला कक्षीय वेगातून वातावरणात शिरतानाची प्रचंड उष्णता सोसावी लागते. खालच्या टप्प्याच्या पुनर्वापरापेक्षा हा प्रश्न पुष्कळच कठीण आहे.